झाडांचा फिश टँक : फिल्टर आणि तापमानाचा हिशोब एकत्रच करा

कापडाची पेढी असो, दागिन्यांचे दुकान असो की दवाखाना, गिऱ्हाइकाची नजर ठरावी म्हणून हिरव्या झाडांचा फिश टँक ठेवण्याची हौस पुष्कळांना असते. त्यातून काचकाम, सुतारकाम आणि वायरिंग करणाऱ्या कारागिरांना काम मिळते. देखभालीचे दरमहा पैसेही मिळतात. परंतु टाकी जानेवारीत बसवली आणि मे महिन्यात झाडे सडली, मासे उलटले, तर गिऱ्हाईक हवामानाला दोष देत नाही. ज्याने टाकी बसवली त्याचे नाव घेते. म्हणून आम्ही कापडाचे व्यापारी असूनही या विषयावर चार गोष्टी मांडतो. आमचे म्हणणे एवढेच की, फिल्टर आणि पाण्याचे तापमान हे दोन वेगळे सौदे नाहीत. आपल्या मुलखात फिल्टर निवडताना मे महिन्यातील दुपार आणि गेलेली वीज डोळ्यांसमोर ठेवली पाहिजे.

फिल्टरचे खरे काम

फिल्टर पाण्यातला कचरा अडवतो, पण ते त्याचे अर्धेच काम आहे. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो व तो माशांना विषासमान आहे. फिल्टरच्या स्पंजवर व सिरॅमिक रिंगांवर राहणारे जिवाणू अमोनियाचे आधी नायट्राइट व नंतर नायट्रेट करतात. नायट्रेट झाडांचे खाद्य आहे. हे जिवाणू जमायला साधारण ४ ते ६ आठवडे लागतात. तोवर मासे थोडेच सोडावेत. या जिवाणूंना प्राणवायू सतत लागतो आणि तापमानाचा संबंध येथेच येतो.

२० अंश सेल्सिअसच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलीग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांवर सुमारे ७.५ मिलीग्रॅम. म्हणजे पाणी तापले की आवक घटते. आणि त्याच वेळी मासे, झाडे व जिवाणू यांचा खर्च वाढतो. शिवाय गरम आणि अल्कधर्मी पाण्यात अमोनियाचा विषारी भाग वाढतो. कोणत्याही धंद्यात आवक कमी आणि खर्च जास्त झाला की काय होते, हे वाचकांना सांगायला नको.

फिल्टर कोणता घ्यावा?

२ फूट लांब, १ फूट रुंद, १ फूट उंच टाकीत सुमारे ५७ लिटर पाणी मावते. खडी, झाडे आणि वरची मोकळी जागा वजा केली तर ४५ लिटरच्या आसपास उरते. झाडांच्या टाकीत हे पाणी तासाला पाच-सहा वेळा फिल्टरमधून फिरावे, म्हणजे २५० लिटरच्या आसपास. पण खोक्यावरचा आकडा बहुधा रिकाम्या फिल्टरचा असतो. कोरे कापड पहिल्या धुण्यात आटते, तसा तो आकडाही स्पंज आणि रिंगा भरल्यावर आटतो. म्हणून ४०० लिटरचा फिल्टर घेणे शहाणपणाचे.

खडीखाली बसवायचा जाळीचा फिल्टर झाडांच्या टाकीत घेऊ नये. मुळे त्यात अडकतात. एअर पंपावर चालणारा स्पंज फिल्टर स्वस्त, टिकाऊ आणि लहान टाकीला पुरेसा आहे. काचेवर टांगायचा फिल्टर मध्यम टाकीला चांगला. मोठ्या टाकीला बाहेर ठेवायचा कॅनिस्टर उत्तम. त्यात रिंगांना जागा भरपूर असते आणि मोटर टाकीबाहेर असल्याने पाणी तापण्याचे एक कारण कमी होते.

मात्र कॅनिस्टर बंद डबा आहे. वीज गेली की आतला प्राणवायू काही तासांत संपतो आणि पाणी नासू लागते. वीज आल्यावर ते तसेच टाकीत सोडू नये. आधी डब्यातले पाणी फेकावे आणि मग फिल्टर सुरू करावा. जेथे वीज वारंवार जाते तेथे कॅनिस्टरसोबत बॅटरीवरच्या एअर पंपाचा छोटा स्पंज फिल्टर ठेवावाच. स्पंज धुवायचा तो टाकीतून काढलेल्या पाण्यात. नळाच्या पाण्यातील क्लोरीन जिवाणू मारून टाकते.

पाणी थंड कसे ठेवावे?

बहुतेक झाडांना २२ ते २८ अंश मानवतात. अनुबियास, जावा फर्न, व्हॅलिसनेरिया ही झाडे त्याहून थोडी उष्णता सोसतात. नाजूक गालिचासारखी झाडे बिनएसीच्या दुकानात लावण्याचा आग्रह धरू नये.

सर्वांत किफायतशीर उपाय म्हणजे पाण्याच्या पृष्ठभागावरून वाहणारा छोटा पंखा आणि उघडे झाकण. ५० लिटर पाणी १ अंशाने उतरवायला जेवढी उष्णता काढावी लागते, तेवढी सुमारे ८५ ते ९० मिलीलिटर पाण्याची वाफ घेऊन जाते. बाहेरून उष्णता येतच राहते, त्यामुळे प्रत्यक्षात पाणी याहून अधिक उडते. मालेगाव, जळगावच्या कोरड्या हवेत पंखा चांगले काम देतो. मुंबई, भिवंडीच्या दमट हवेत कमी. उडालेले पाणी रोज भरावे, पण क्षार मागे राहतात म्हणून दर आठवड्याला पाव हिस्सा पाणी बदलावे.

टाकीचा दिवा सहा ते आठ तास पुरतो. तो भर दुपारी न लावता सकाळी व संध्याकाळी लावावा. बर्फ थेट टाकू नये. फारच गरज पडली तर बंद बाटलीत पाणी गोठवून ती टाकीत तरंगत ठेवावी, आणि तापमान एका वेळी एक-दोन अंशांपेक्षा जास्त उतरू देऊ नये. एसीच्या दुकानदारांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी : दिवसा २४ अंश आणि रात्री कुलूपबंद दुकानात ३१, ही रोजची चढउतार वाईट. पंखा टायमरवर लावून जावे.

कार्बन डायऑक्साइडची बाटली लावली असेल तर दिवसा पाणी फार खळखळवू नये, वायू उडून जातो. रात्री झाडेही प्राणवायू घेतात. तेव्हा दिव्याबरोबर बाटली बंद करून एअर पंप चालू ठेवावा. हिवाळ्यात नाशिककडे रात्री पारा फार उतरतो. तेथे लिटरमागे १ वॅट या हिशोबाने थर्मोस्टॅटचा हीटर घ्यावा. पाण्यात हात घालण्यापूर्वी विजेची उपकरणे बंद करावीत.

सौदा करताना

टाकी विकणाऱ्या बंधूंनी गिऱ्हाइकाला तीन प्रश्न आधी विचारावेत : दुपारी खोली किती तापते? वीज किती वेळ जाते? सुटीच्या दिवशी टाकीकडे कोण पाहते? उत्तरे ऐकून मगच फिल्टर सांगावा आणि पंखा व थर्मामीटर यांची किंमत पहिल्याच बिलात धरावी. बिल थोडे वाढेल, एखादे गिऱ्हाईक परतही जाईल. पण ज्याची टाकी जून महिन्यात हिरवी राहील, तो दुसरी टाकी सांगायला तुमच्याकडेच येईल.