पहिले विमान हलकेच घ्या

रेडिओ-नियंत्रित विमान घ्यायचे आहे, पण पैसे थोडे आहेत? मग आधी त्याचे वजन विचारा.

पंखांना वर उचलणारे बल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणून पंख तेवढेच ठेवून वजन चौपट केले, की तरंगण्यासाठी वेग दुप्पट लागतो. ४०० ग्रॅमच्या विमानाला ताशी २० किलोमीटर पुरत असतील, तर १६०० ग्रॅमच्या विमानाला ४० लागतील. गतिज ऊर्जा मात्र १६ पट! नवशिक्याचे विमान पडणारच; ते किती मोडेल, हे ही ऊर्जा ठरवते.

तेव्हा वजनाला पंखांच्या क्षेत्रफळाने भागा. उत्तर कमी येईल ते फोमचे विमान निवडा. पिंगळीच्या शिवारात, सुगीनंतर, वारा पडलेल्या सकाळी, रेल्वेमार्ग आणि माणसांपासून दूर ते उडवा. वाचलेल्या पैशांत सुटे पंख घेऊन ठेवा.