हाक ऐकू येईल एवढी लांब

अगं, हॉस्पिटलच्या बागेचं काम तुला मिळालं, हे काकूंकडून कळलं. कौतुक वाटलंच, पण रात्री आडवी झाल्यावर मनात आलं, पोरीने कागदावर कारंजं तर काढलं नसेल? काढलं असशील तर आधी ते खोड. पंप बिघडला की पाणी साचतं, साचलं की डास, आणि हॉस्पिटलच्या आवारात डेंग्यूचे डास म्हणजे काय, हे तुला मी सांगायला नको.

सासरे आयसीयूत होते तेव्हा मी 19 दिवस बाहेर काढले. तिथेही बाग होती हं. गोल हिरवळ, मेंदी कापून केलेला मोर, देणगीदाराच्या नावाची संगमरवरी पाटी. मी तिकडे किती वेळा गेले असेन? दोनदा. त्यातही एकदा डबा धुवायला नळ दिसतो का ते बघायला. बाकीचा सगळा वेळ आयसीयूच्या दाराजवळ, जिन्याच्या चौथ्या पायरीवर. कारण सिस्टर दार अर्धं उघडून ‘सात नंबरचे नातेवाईक!’ अशी हाक मारायच्या, आणि त्या हाकेला आपण नसलो तर? एकदा औषधांची चिठ्ठी घ्यायला मी दहा मिनिटं उशिरा पोचले. त्यानंतर चहाला खाली उतरतानाही पाय ओढायचे.

तेव्हा झाडं नंतर निवड. ही हाक बागेपर्यंत कशी येईल, ते आधी ठरव. बँकेत नंबर दाखवतात तसला फलक लाव, सोबत हलकी घंटा. पण सगळ्यांना आकडे वाचता येत नाहीत, म्हणून येऊन सांगणारं एक माणूसही मागून घे. नाहीतर बागच आयसीयूच्या मजल्यावर गच्चीत ने. ओल्या मातीचं वजन किती वाढतं, ते इंजिनीअरला विचारून घे. नुसत्या कुंड्यांची झाली तरी मी तिला बागच म्हणेन.

ट्रस्टींपुढे तू रॉजर उलरिचचा दाखला देणारच. 1984 चा तो अभ्यास: पित्ताशयाचं ऑपरेशन झालेले पेशंट, काहींच्या खिडकीतून झाडं दिसायची, काहींच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडंवाले लवकर घरी गेले, त्यांना कडक वेदनाशामकंही कमी लागली. दे, जरूर दे. पण ती गोष्ट खाटेवरच्या माणसाची आहे. खाटेशेजारच्या स्टुलावर बसलेल्याची सांगायची तर मॅगी केझविक जेंक्सची सांग. चिनी बागांवर पुस्तक लिहिलेली बाई. 1993 मध्ये एडिंबराच्या हॉस्पिटलात तिला कॅन्सर उलटल्याचं सांगितलं, मोजके महिने उरलेत म्हणाले, आणि पुढच्या पेशंटला जागा हवी म्हणून ती नि तिचा नवरा खिडकी नसलेल्या बोळात येऊन बसले. तिथून पुढे तिने कॅन्सरच्या पेशंटांसाठी जे केंद्र आखलं, ते 1996 मध्ये उघडलं. ती आदल्याच वर्षी गेली होती. तिथे पेशंट आणि घरचे दोघांचीही सोय बघतात. बाग तर असतेच.

आता बाकं. मधे लोखंडी दांडे असलेली, कुणी आडवं होऊ नये म्हणून मुद्दाम केलेली बाकं घेऊ नकोस, दुष्टपणा आहे तो. ग्रॅनाइटही नको. एप्रिल-मेमध्ये रात्री नऊलासुद्धा चटका बसतो. झाडाभोवती रुंद पार बांध, चटई पसरता येईल एवढा. म्हाताऱ्यांना उठताना आधार हवा, म्हणून थोडी हाताची, पाठीची बाकं. फोन चार्ज करायला प्लग, तोही बसलेल्या जागेवरून हाताला येईल असा. गावाकडे खुशाली कळवायची तर त्या फोनवरच सगळं असतं. आणि नळ, गं. नळ विसरू नकोस.

एक कोपरा रडायला ठेव. आडोशाचा, पण अंधाराचा नाही. रात्री एकट्या बाईला तिथे भीती वाटता कामा नये. मी तेव्हा बाथरूममध्ये नळ सोडून रडायचे, आणि बाहेरून कुणीतरी दार वाजवायचं.

झाडांत तू माझ्यापेक्षा हुशार आहेस. तरी रातराणी नको, सप्तपर्णीही नको. केमो चाललेल्यांना उग्र वासाने मळमळतं. कण्हेर विषारी, कंटाळलेली पोरं काहीही तोंडात घालतात. सावलीला कडुनिंब, बकुळ. जास्वंद आणि तगर भरपूर लाव, कारण उशाशी ठेवलेल्या देवाच्या फोटोला लोक फुलं तोडणारच. तोडू देत. ‘फुले तोडू नयेत’ची पाटी मात्र लावू देऊ नकोस. कुणाला नमाजाला सतरंजी घालता येईल एवढी सपाट जागाही असू दे.

आणि कुलूप. आमच्या त्या बागेला संध्याकाळी सहालाच कुलूप लागायचं. वॉचमनदादांचा दोष नाही, त्यांना तसा हुकूमच होता. पण रात्रीचे दोन वाजता जिन्यात बसलेल्या माणसाला ती बाग काय कामाची? दिवेलागणीनंतर तुझी बाग उघडी राहील, हे ट्रस्टींकडून आत्ताच लिहून घे, उद्घाटनानंतर कुणी ऐकत नाही.

रविवारी ये जेवायला. नकाशा आण. पण त्याआधी एक रात्र त्या हॉस्पिटलच्या जिन्यात बसून काढ. माझी चटई माळ्यावर आहे, ती ने.