पाहुणे गावात आल्यावर

प्रास्ताविक

विद्यार्थिमित्रांनो, हिवाळ्यातील एखाद्या सकाळी तुमच्या गावात किंवा वस्तीत महाविद्यालयातील पन्नासएक मुलेमुली उतरलेली तुम्ही पाहिली असतील. त्यांच्या खांद्यावर वळकट्या, हातात कुदळी आणि खराटे. प्राथमिक शाळेच्या वर्गांत त्यांचा मुक्काम पडतो. पहाटे प्रभातफेरी निघते, दिवसा शोषखड्डे खणले जातात, सायंकाळी पथनाट्य होते. सातव्या दिवशी समारोपाची भाषणे होतात आणि मुले निघून जातात. हे राष्ट्रीय सेवा योजनेचे ‘विशेष शिबिर’ होय.

या शिबिरांविषयी बहुधा जाणाऱ्या मुलांच्या बाजूने लिहिले जाते. प्रस्तुत वैचारिक लेखात, ज्यांच्या दारी ही मुले येतात त्यांच्या बाजूनेही विचार केला आहे. तुमच्यापैकी काही जण आज त्या दारात उभे असाल. उद्या पदवीसाठी महाविद्यालयात गेलात, तर पाहुणे म्हणूनही कोणाच्या तरी दारी जाल. लेख वाचताना ‘सेवा’, ‘दत्तक’, ‘लाभार्थी’ अशा रोजच्या शब्दांच्या अर्थच्छटांकडे विशेष लक्ष द्या.

मूळपाठ

शिकणाऱ्या तरुणाने समाजासाठी काही काळ द्यावा, हा विचार आपल्या देशात जुना आहे. डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली १९४८ मध्ये नेमलेल्या विद्यापीठ शिक्षण आयोगाने अशी सेवा ऐच्छिक असावी असे सुचवले. १९५९ मध्ये चिंतामणराव देशमुख यांच्या अध्यक्षतेखालील समितीचा कल मात्र सक्तीच्या सेवेकडे होता. बऱ्याच विचारविनिमयानंतर सक्तीचा मार्ग बाजूला पडला आणि गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, ३७ विद्यापीठांत सुमारे ४०,००० विद्यार्थ्यांसह राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. दोन वर्षांत २४० तास काम आणि एक सात दिवसांचे शिबिर, असे तिचे स्वरूप आहे. मूळ इंग्रजी ब्रीदवाक्याचा अर्थ ‘मी नव्हे, तर तुम्ही’ असा आहे.

ब्रीद सुंदर आहे. परंतु त्यातील ‘तुम्ही’ म्हणजे कोण, आणि त्या ‘तुम्हां’ला कोणी काही विचारले आहे का, हा प्रश्न उरतोच. योजनेच्या परिभाषेतील एक शब्द पाहा. शिबिरासाठी निवडलेल्या गावाला ‘दत्तक गाव’ म्हणतात. दत्तक घेतले जाते ते मूल. घेणारा वडीलधारा असतो. इथे मात्र शेकडो वर्षे नांदणारे गाव मूल ठरते आणि विशीतली मुले त्याची पालक होतात! शब्द वापरणाऱ्यांच्या मनात असा भाव नसेलही. पण शब्द आपले काम करीतच असतात. ‘लाभार्थी’ हा असाच दुसरा शब्द. ज्या घरातील बाई रोज दोन कोसांवरून पाणी आणते, त्या घराची ओळख कागदावर ‘लाभार्थी’ एवढीच उरते. तिला पाण्याविषयी जे ठाऊक आहे, ते नोंदवायला त्या कागदावर रकानाच नसतो.

सेवेला गेलेला माणूस शिकणाराही असावा लागतो, हे समजण्यासाठी शंभर वर्षांपूर्वीच्या चंपारण्याकडे जाऊ. बिहारमधील या जिल्ह्यात १९१७ साली निळीच्या मळेवाल्यांच्या जाचाविरुद्ध चौकशीचे काम चालू असतानाच, खेड्यांत शाळा, स्वच्छता आणि औषधोपचार यांची सोय करावी असे गांधीजींनी ठरवले. बाहेरून आलेल्या स्वयंसेवकांत महाराष्ट्रातील मंडळी होती. त्यांत मुंबईच्या अवंतिकाबाई गोखले, पुण्याच्या आनंदीबाई वैशंपायन आणि भारत सेवक समाजाचे डॉ. देव होते. शिक्षकांच्या राहण्या-जेवणाची व्यवस्था गावाने करावी आणि बाकीचे गांधीजींनी पाहावे, अशी अट होती. लोकांजवळ रोकड नव्हती. त्यांनी धान्य देण्याची तयारी दाखवली. ही अट बारकाईने पाहा. ज्या गावाने शिक्षकाच्या ताटात धान्य वाढले, ते गाव शाळेपुढे हात पसरून उभे राहत नाही. शाळेत त्याचा वाटा असतो.

भाषेची अडचण होतीच. आलेल्या स्त्रियांपैकी काहींना हिंदी येत नव्हते. व्याकरणापेक्षा स्वच्छता आणि चांगल्या सवयी शिकवणे महत्त्वाचे, असे गांधीजींनी त्यांना सांगितले. अवंतिकाबाईंची शाळा तर आदर्श ठरली, असे त्यांनी आत्मकथेत नमूद केले आहे. स्वच्छतेच्या याच शिकवणुकीतून एक प्रसंग घडला. भितिहरवा गावाजवळच्या एका लहान खेड्यात काही स्त्रियांचे कपडे फार मळलेले गांधीजींना दिसले. त्या कपडे का धूत नाहीत, हे विचारण्यास त्यांनी कस्तुरबांना सांगितले. एका बाईने कस्तुरबांना आपल्या झोपडीत नेले. पेटी नाही, कपाट नाही. अंगावरचे एकच लुगडे. ते धुवायचे कसे? दुसरे मिळवून द्या, मग रोज स्नान करून स्वच्छ राहीन, असे तिने सांगितले.

या प्रसंगात शिक्षक कोण आणि विद्यार्थी कोण, हे सांगणे कठीण आहे. मात्र तो घडला कशामुळे? कस्तुरबांनी विचारले म्हणून. स्वच्छतेचे महत्त्व सांगणारे भाषण करून त्या परतल्या असत्या, तर बाईने मान डोलावली असती आणि झोपडीचे दार बंदच राहिले असते.

चंपारण्याच्या कामाला पुढे उतरती कळा लागली, हेही सांगितले पाहिजे. स्वयंसेवक ठरावीक मुदतीसाठीच आले होते. मुदत संपली, नवे मिळाले नाहीत, आणि काम कायमचे रुजले नाही याची खंत गांधीजींनी व्यक्त केली आहे. काही महिने राहूनही हे झाले. मग सात दिवसांच्या शिबिराने काय साधावे? शिबिरे निरर्थक आहेत, असे मला मुळीच म्हणायचे नाही. सात दिवसांत गाव बदलण्याची भाषा तेवढी करू नये. सात दिवसांत ओळख होते. त्याच गावात पुढची तीन-चार वर्षे जात राहिले, तर त्या ओळखीचा विश्वास होतो.

विचार करा : तुमच्या वस्तीत एखादे शिबिर व्हायचे असेल, तर त्यापूर्वी कोणाकोणाला विचारले जावे असे तुम्हाला वाटते?

सामान्यतः सरपंच आणि मुख्याध्यापक यांना विचारले की गावाची संमती मिळाली, असे मानले जाते. ही समजूत अपुरी आहे. गाव म्हणजे पाटीलवाडा आणि शाळा एवढेच नव्हे. ओढ्यापलीकडची वस्ती, पालावर राहणारी कुटुंबे, ऊसतोडीला गेलेल्यांची मागे राहिलेली म्हातारी माणसे हेही गावच. सभा देवळाच्या पारावर ठेवली, तर तेथे येताना कोणाचे पाय अडखळतात, हे पाहुण्यांना दिसत नाही. गावाला ते चांगले ठाऊक असते. वेळेचेही तसेच. शिबिरे बहुधा डिसेंबर-जानेवारीत होतात. महाविद्यालयाला तो काळ सोयीचा. परंतु त्याच दिवसांत कापसाची वेचणी आणि ऊसतोड चालू असते. सकाळी अकराला महिला मेळावा ठेवायचा आणि बायका आल्या नाहीत म्हणून ‘जागृतीचा अभाव’ असे अहवालात लिहायचे, हा बायकांवर अन्याय आहे. त्या जाग्याच होत्या, शेतात होत्या.

शिबिरात सर्वेक्षण हमखास असते. अठरा-एकोणीस वर्षांची दोन मुले उंबऱ्यात उभी राहून घरातील वृद्धाला उत्पन्न किती, शौचालय आहे का, दारू कोण पितो, असे विचारतात. शेजारी ऐकत असतात. अशा वेळी माणूस पाहुण्याला रुचेल आणि स्वतःची लाज राखेल, असेच उत्तर देतो. म्हणजे माहितीही खोटी आणि मानही गेला. त्याऐवजी बसावे, आपण कोण आणि हे कशासाठी विचारतो ते सांगावे, ‘नको असेल तर उत्तर देऊ नका’ असे स्पष्ट म्हणावे. छायाचित्राचाही हाच न्याय. आणि सर्वेक्षण पूर्ण झाल्यावर? ते महाविद्यालयाच्या कपाटात जाते. पुढच्या वर्षी नवी तुकडी तेच प्रश्न घेऊन येते. (दरवर्षी त्याच खड्ड्यात नवे रोप लावण्याची गोष्ट तुम्ही ऐकली असेलच; हा तिचाच भाऊ.) गावाची माहिती गावाची आहे. ती गावाच्या भाषेत, ग्रामसभेत वाचून दाखवल्याखेरीज काम पुरे झाले असे समजू नये.

माझ्या मते शिबिरातील सर्वांत मोठी परीक्षा कुदळीची नसून चहाच्या कपाची असते. घरातून चहा पुढे येतो, पाण्याचा तांब्या येतो. ‘नको, आत्ताच घेतला’ हे उत्तर शहरात साधे सौजन्य ठरते. ज्यांच्या हातचे पाणी पिढ्यान्‌पिढ्या नाकारले गेले, त्यांच्या अंगणात त्याच उत्तराचा अर्थ निराळा होतो. तो चहा घेणे ही सेवेची सुरुवात आहे. दिवसभर श्रमदान करून चहा नाकारणाऱ्याचे श्रम लोक विसरतात, नकार विसरत नाहीत.

बोलण्याची रीतही अशीच बोलकी असते. वयाने मोठ्या मजुराला ‘तू’ म्हणणारा विद्यार्थी पुढे कितीही गोड बोलला, तरी पहिला शब्द टोचतोच. नात्याने हाक मारावी. मामा, मावशी, आजोबा. मराठीला तर एक विशेष देणगी आहे. ‘आम्ही’ म्हटले की ऐकणारा बाहेर राहतो. ‘आपण’ म्हटले की तो आत येतो. ‘आम्ही तुमचा बंधारा बांधून देतो’ आणि ‘आपण बंधारा बांधू’ या दोन वाक्यांत बंधारा एकच आहे, पण दुसरा दुरुस्त करायला गाव धावते. अर्थात, बंधारा कुठे घालायचा हे आधीच ठरवून आलेल्याने ‘आपण’ म्हणणे ही केवळ शब्दांची चलाखी होय.

ऐकून घेण्याने प्रत्यक्ष काम कसे बदलते, याचे उदाहरण गडचिरोलीत पाहायला मिळते. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ पासून तेथे काम सुरू केले. दवाखाना कसा असावा, हे त्यांनी आदिवासींनाच विचारले. मोठ्या इमारतीची भीती वाटते, रुग्णासोबत आलेल्या नातेवाइकांना राहायला जागा हवी, असे लोकांनी सांगितले. म्हणून तेथे गावातल्या घरांसारख्या झोपड्यांचा दवाखाना उभा राहिला आणि त्याला लोकांच्या दंतेश्वरी देवीचे नाव मिळाले. औषधे तीच, शास्त्रही तेच. पण पायरी चढताना रुग्णाला परके वाटेनासे झाले.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने समाजसेवेच्या प्रकल्पांना श्रेयांक देण्याचा विचार मांडला आहे. सेवेला अभ्यासात स्थान मिळते, ही चांगली गोष्ट. मात्र त्यामुळे गावाचा हक्कही वाढतो. ज्याच्या अंगणात विद्यार्थी शिकला, तो त्याचा शिक्षक झाला. मग त्या विद्यार्थ्याचे काम कसे झाले, हे प्राध्यापकांनी त्यालाही विचारावे. शिबिराच्या पहिल्या सभेत गावकऱ्यांनी उठून साधे प्रश्न विचारावेत : तुम्ही पुढच्या वर्षी येणार का? लिहून नेलेले आम्हाला कधी वाचून दाखवणार? शोषखड्डा तुंबला, तर कोणाला कळवायचे? या प्रश्नांनी पाहुण्यांचा अपमान होत नाही. त्यांची उत्तरे वहीत लिहून, ती वही ग्रामपंचायतीत ठेवावी.

स्वाध्याय

१. ‘दत्तक गाव’ या शब्दाला लेखकाने कोणता आक्षेप घेतला आहे? तो तुम्हाला पटतो का? सकारण लिहा.

२. चंपारण्यातील शाळांसाठी गावावर कोणती जबाबदारी होती? तिचा काय परिणाम झाला असावा?

३. ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांतील भेद स्पष्ट करणारी प्रत्येकी दोन वाक्ये तुमच्या बोलण्यातून शोधून लिहा. तुम्ही महाराष्ट्राबाहेर राहत असाल, तर तेथील भाषेत असा भेद आहे का, ते शेजाऱ्यांना विचारा.

४. पुढील वाक्प्रचारांचा अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा : हात पसरणे, पाय अडखळणे, उतरती कळा लागणे.

५. तुमच्या वस्तीत शिबिर घेऊ इच्छिणाऱ्या महाविद्यालयाच्या प्राचार्यांना पत्र लिहा. वस्तीला कोणत्या कामाची गरज आहे, कोणते दिवस सोयीचे आहेत आणि वस्तीच्या कोणत्या अटी आहेत, ते त्यात स्पष्ट करा.