शास्त्रीय केंद्रे आणि सरकारी द्रव्य

एखाद्या देशाची संपत्ती वाढली म्हणजे ती त्यातील सर्व गावांत सारखीच वाढते, असे मुळीच नाही. पावसाचे पाणी जसे उतार पाहून धावते, तसा पैसाही जेथे पैसा, विद्या आणि कसबी माणसे पूर्वीच एकवटली आहेत तिकडे ओढ घेतो. मग इतर गावे सुकू लागतात, व तेथील तरुण मंडळी वळकटी बांधून मोठ्या शहराची वाट धरतात. आपल्याकडे ही गोष्ट कोणास नव्याने सांगावयास नको. परंतु अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांसारख्या संपन्न राष्ट्रासही हीच चिंता लागली आहे. तिच्या निवारणार्थ तेथील सरकारने ठिकठिकाणी शास्त्रीय उद्योगांची केंद्रे वसविण्याचा जो उपक्रम हाती घेतला, त्याचा थोडासा विचार या लेखात करण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रथम रोगाचे स्वरूप पाहू. ब्रुकिंग्ज नावाच्या अमेरिकन संस्थेने 2019 साली प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात असे दाखविले आहे की, 2005 ते 2017 या अवधीत उच्च शास्त्रीय ज्ञानावर चालणाऱ्या निवडक उद्योगांत नोकऱ्यांची जी वाढ झाली, तिच्यापैकी नऊ दशांशांहून अधिक वाढ बॉस्टन, सॅन फ्रान्सिस्को, सॅन होझे, सिॲटल व सॅन डिएगो या पाचच नगरप्रदेशांच्या वाट्यास आली. असे का व्हावे? इंजिनियर तेथे जातो, जेथे एक नोकरी सुटली तर दुसरी मिळेल. कारखानदार तेथे जातो, जेथे हवे तेवढे इंजिनियर सापडतील. आणि सावकार या दोघांच्या शेजारीच आपली पेढी मांडतो. हे चक्र एकदा फिरू लागले म्हणजे आतल्यांस वर नेते व बाहेरच्यांस बाहेरच ठेवते. मागे पडलेल्या गावी एकट्याने प्रयोगशाळा उभारावी, तर खर्च सगळा आपला, आणि लाभ मात्र पुष्कळसा शेजाऱ्यांचा. म्हणून खाजगी व्यापारी पहिले पाऊल टाकण्यास सहसा धजत नाही. ते पाऊल सर्वांच्या वतीने सरकारने टाकावे, हे या उपक्रमाचे मूळ तत्त्व होय.

हे तत्त्व अमेरिकेस नवे नाही. 1862 साली, यादवी युद्ध चालू असतानाच, अध्यक्ष लिंकन यांनी मॉरिल कायद्यावर सही केली. त्यान्वये प्रत्येक संस्थानास, त्याचे काँग्रेसमध्ये जितके सभासद असतील त्या प्रत्येकामागे 30,000 एकर या मानाने सरकारी जमीन मिळाली, व तिच्या उत्पन्नातून शेतकी आणि यंत्रविद्या शिकविणारी कॉलेजे निघाली. पुढे 1887 च्या हॅच कायद्याने प्रत्येक संस्थानास शेतकीच्या प्रयोगक्षेत्रासाठी सालिना 15,000 डॉलरपर्यंत मदत मिळू लागली. कॉलेज व प्रयोगक्षेत्र यांचे बीज असे गावोगावी पेरले गेले, राजधानीत कोंडून ठेवले गेले नाही, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

हल्लीच्या उपक्रमाचा पाया 9 ऑगस्ट 2022 रोजी संमत झालेल्या ‘चिप्स अँड सायन्स’ कायद्याने घातला. त्यात प्रादेशिक केंद्रांसाठी पाच वर्षांत 1,000 कोटी डॉलरपर्यंत खर्च करण्यास मुभा ठेविली होती. व्यापारखात्याने ऑक्टोबर 2023 मध्ये 31 केंद्रे निवडली, आणि जुलै 2024 मध्ये त्यांपैकी 12 केंद्रांस मिळून सुमारे 50 कोटी 40 लाख डॉलर देण्याचे जाहीर केले. कोणत्याही एकट्या संस्थेस हे द्रव्य मागता येत नाही. विद्यापीठ, स्थानिक सरकार, कारखानदार आणि कामगारांच्या किंवा कामगार शिकविणाऱ्या संस्था यांनी एकत्र येऊन मागणी करावी लागते. ही अट आम्हांस फार मार्मिक वाटते; कारण शोध लावणारा, माल करणारा आणि हात चालविणारा यांची तोंडे तीन दिशांस असली, तर पैसा ओतूनही काही उगवत नाही.

उदाहरणार्थ ओहायो संस्थानातील ॲक्रन हे शहर घ्या. 1870 साली गुडरिच यांनी तेथे रबराचा कारखाना आणला. पुढे गुडइयर 1898 साली व फायरस्टोन 1900 साली तेथेच स्थापन झाले, आणि जगाची रबराची राजधानी म्हणून ॲक्रनची ख्याती झाली. 1960 साली तेथील वस्ती सुमारे 2 लाख 90 हजार होती. नंतर टायरचे कारखाने एकामागून एक बंद पडले, व 2020 च्या शिरगणतीत ती सुमारे 1 लाख 90 हजारांवर आली. शंभरांतील चौतीस माणसे उणी झाली असता मागे राहिलेल्या घरांची व दुकानांची काय अवस्था होत असेल, याची कल्पना वाचकांनीच करावी. परंतु एक ठेवा गेला नाही; रबर व तज्जातीय द्रव्यांच्या रसायनशास्त्राची विद्या तेथील विद्यापीठात टिकून राहिली. त्याच विद्येच्या बळावर ॲक्रनने कमी अपायकारक रबर व प्लास्टिक बनविण्याचे केंद्र मागितले, आणि 2024 साली त्यास सुमारे 5 कोटी 10 लाख डॉलर मंजूर झाले.

येथवर वाचून सर्व काही सुरळीत आहे असे कोणी समजू नये. कायद्यात मुभा असणे निराळे व खजिन्यातून रक्कम सुटणे निराळे. 1,000 कोटींच्या मुभेपैकी आरंभी 50 कोटीच, म्हणजे विसावा हिस्सा, हाती आला. जानेवारी 2025 मध्ये आणखी सहा केंद्रांस सुमारे 21 कोटी डॉलर देण्याचे जाहीर झाले. पण त्याच महिन्यात अध्यक्ष बदलले, आणि मे महिन्यात नव्या व्यापारमंत्र्यांनी, निवड योग्य रीतीने झाली नाही असे म्हणून, ती देणगी रद्द केली व पुन्हा चढाओढ घेण्याचे ठरविले. करदात्यांच्या पैशाची तपासणी व्हावी, हे रास्तच आहे. तथापि आंब्याची कोय लावून दर वर्षी ती उकरून पाहणाऱ्यास फळ कसे मिळावे? मॉरिल कायद्याची कॉलेजे एका पिढीत नव्हे, अनेक पिढ्यांत मोठी झाली.

या वृत्तान्तापासून पालकांनी व विद्यार्थ्यांनी एक गोष्ट घ्यावी, अशी आमची विनंती आहे. ॲक्रनचे कारखाने गेले, माणसे गेली. पण शिकविणारे व शिकणारे राहिले, म्हणून मदत मागण्यास त्या शहरापाशी काही कारण उरले. सरकारी द्रव्य आज येईल, उद्या परत जाईल. ज्या गावाने आपली विद्या राखिली असेल, त्यालाच ते द्रव्य आले असता उपयोगी पडेल. तेव्हा आपल्या गावची विशेष विद्या कोणती, ती कोणाच्या हाती आहे आणि पुढे ती कोण शिकणार, याचा शोध या सुटीत प्रत्येक विद्यार्थ्याने घरातील वडील माणसांस विचारून अवश्य घ्यावा.