पूररेषा, संभाव्यता आणि ऑड्स

प्रश्न : २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराचे ऑड्स १:२५ लिहायचे का? संभाव्यता माहीत असताना ऑड्स हवेतच कशाला? – एक वाचक, रोहा

उत्तर : नाही, ते १:२४ होतात. संभाव्यतेत एका शक्यतेची तुलना सर्व शक्यतांशी होते. ऑड्समध्ये घडण्याची तुलना न घडण्याशी. म्हणून संभाव्यतेला, एकातून ती वजा करून उरलेल्या संख्येने भागायचे : ०.०४ ÷ ०.९६, म्हणजे १:२४. रोह्याची कुंडलिका असो वा पेणची भोगावती, महाराष्ट्रात निळी पूररेषा साधारणपणे अशाच पुरासाठी आखतात, तर लाल रेषा १०० वर्षांतून एकदाच्या पुरासाठी. तिचे ऑड्स १:९९.

१:२४ आणि १:२५ यांत फरक तो काय, असे कुणी म्हणेल. एका वर्षापुरते ते खरे आहे. पण घर एका वर्षासाठी बांधत नाहीत. ३० वर्षांत एकदाही पूर न येण्याची संभाव्यता ०.९६ चा तिसावा घात, म्हणजे सुमारे ०.२९. किमान एकदा येण्याची ०.७१, आणि ऑड्स जवळपास १२:५, पूर येण्याच्या बाजूने! थेट तिसाने गुणले असते तर संभाव्यता १.२ आली असती, जी अशक्यच. प्रत्येक वर्ष स्वतंत्र धरले आहे, हा आक्षेप रास्त आहे. पावसाचे मान बदलले तर ०.०४ हा आकडाच बदलावा लागेल, रूपांतराची रीत मात्र तीच राहील. आणि वर्षे स्वतंत्र धरली, तर पूर नुकताच येऊन गेला, आता २५ वर्षे निर्धास्त, हा समज सोडून द्या : पुढच्या पावसाळ्यातही ऑड्स १:२४च आहेत.