दिवा डीपीएफचा, दोष चार किलोमीटरचा

प्रश्न : माझी 2021 ची डिझेल गाडी रोज घर ते राईस मिल, जेमतेम चार किलोमीटर फिरते. डीपीएफचा (धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरचा) दिवा सारखा लागतो, गाडीतली स्क्रीनही मध्येच गोठते. मेकॅनिक म्हणतो, फिल्टर काढूनच टाका. काय करू? – एक वाचक, आमगाव

उत्तर : काढू मुळीच नका. बीएस-6 गाडीचा फिल्टर काढणे बेकायदा आहे आणि वॉरंटी शिल्लक असेल तर तीही गमवाल. फिल्टरमधली काजळी जळायला साधारण 600 अंश सेल्सिअस तापमान लागते; तुमचे इंजिन नीट तापायच्या आत मिल येते!

दिवा स्थिर असेल तर देवरीपर्यंत जा आणि राष्ट्रीय महामार्ग 53 वर कोहमाऱ्याकडे ताशी 60-70 च्या वेगाने वीस-पंचवीस मिनिटे न थांबता चालवा. टाकीत पाव भागाहून जास्त डिझेल हवे. काजळी जळत असताना पंखा जोरात फिरतो, इंजिनाचा आवाज चढतो. तेव्हा चावी फिरवून गाडी बंद करू नका. अर्धवट राहिलेल्या जाळणीतले डिझेल ऑइलमध्ये उतरते, म्हणून डिपस्टिक बघत चला. पातळी वाढलेली दिसली तर ऑइल बदला, तेही कमी राखेचेच. फिल्टरमधली काजळी जळते, ऑइलची राख काही जळत नाही.

दिवा लुकलुकू लागला किंवा गाडीची ओढ कमी झाली, तर थेट सर्व्हिस सेंटर गाठा.

स्क्रीनचे दुखणे बहुधा वेगळे. जुन्या जोडलेल्या फोनच्या नोंदी पुसा, केबल बदला, अधिकृत अपडेट टाका. तरी गोठत असेल तर आधी बॅटरी तपासा. छोट्या फेऱ्यांत तीही पुरती चार्ज होत नाही.