विणकामासाठी दख्खनी लोकर

प्रश्न : मुळशीतल्या विणकाम गटाला स्थानिक लोकरीचं सूत हवं आहे. ते कुठून मिळवावं?

उत्तर : मुळशीच्या डोंगरांत गवळी धनगरांची वस्ती आहे, पण त्यांच्याकडे गाईम्हशी असतात, मेंढ्या नसतात. एवढ्या पावसात दख्खनी मेंढी टिकत नाही. त्यामुळे लोकर आणायची ती बारामती, इंदापूर, दौंडच्या कोरड्या पट्ट्यातून. पुण्यात गोखलेनगरला मेंढी व शेळी विकास महामंडळाचं मुख्यालय आहे. चौकशीची सुरुवात तिथून करावी.

लोकर वर्षातून साधारण दोनदा कातरतात. ती काळी, जाडीभरडी आणि अंगाला टोचणारी. मेरिनोची अपेक्षा ठेवून घेतली, तर निराशाच पदरी पडेल. अपवाद जावळाचा. कोकराची ही पहिली कातरण बरीच मऊ असते, म्हणूनच जावळाच्या घोंगडीला मान जास्त.

खरी अडचण सुताची आहे. घोंगडीचं सूत एकेरी असतं. ताण्याला चिंचोक्याची खळ लावून ते कडक करतात. सुयांवर विणायला मात्र सैल पिळाचं, दुपदरी सूत लागतं. तेव्हा कातणाऱ्या बाईंना विणलेला नमुना दाखवावा, थोडी आगाऊ रक्कम द्यावी आणि मजुरी तयार सुताच्या वजनावर ठरवावी. धुताना लोकरीचं वजन बरंच घटतं, हेही हिशेबात धरावं.

लोकर रिठ्याच्या कोमट पाण्यात भिजवावी, चोळू नये. चोळली की तिचा नमदा होतो. पहिल्या सुतातून पिशव्या, आसनं, उशांचे अभ्रे विणावेत. बाळाच्या स्वेटरला हे सूत वापरू नये.